सोमवारच्या फोनबद्दल, टीचर

प्रिय टीचर,

हे पत्र तुमच्यासाठी आहे, तरी सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय. कुठल्यातरी चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून "चर्चच्या कामात आपणही काही करावं का?" असं मनातल्या मनात म्हणणारं कुणीतरी हे वाचेल, आणि त्याला तुमच्यासारखी टीचर अजून भेटली नसेल.

मीही त्याच बाकावर बसायचे. चार वर्षं. मिस्सेचं (उपासनेचं) शेवटचं गीत सुरू झालं की पहिल्या कडव्यातच मी दाराबाहेर. मला वाटायचं, वेदीजवळ वावरणारी माणसं फार भाविक असतात, त्यांची आपसांत जुनी ओळख असते, तिथं आपलं काय काम? त्याला एक कारणही होतं. आधीच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मी एकदा फॉर्म भरला होता. वीसेक सेवांची नावं आणि प्रत्येकापुढे चौकोन. मी तीन चौकोनांत खुणा केल्या, फोन नंबर लिहिला आणि वाट पाहिली. कुणाचाच फोन आला नाही. आपली इथं गरज नाही, असं मी धरून चालले.

तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "फॉर्म कपाटात जातो गं. माणसानं माणसाला विचारायचं असतं." आणि लगेच विचारलंत, "आठवड्यात तुझा कुठला तास मोकळा असतो?"

मला काय येतं, किती प्रार्थना करते, आधी काही केलंय का, यातलं काहीच तुम्ही विचारलं नाही. शनिवारी संध्याकाळी तासभर, मी म्हणाले. "मग शनिवारच्या मिस्सेनंतर दहा मिनिटं थांब. गीतपुस्तकं गोळा करून कपाटात लावायची. पास्कापर्यंतच. पुढचं पुढे बघू."

"पास्कापर्यंतच", म्हणजे ईस्टरपर्यंतच, या शब्दासाठी तुमचे पहिले आभार. काम कधी संपणार हे माहीत असलं की हो म्हणायला धीर येतो. जन्मभराचं ओझं आहे असं वाटलं असतं, तर मी त्याही दिवशी दाराबाहेर गेले असते.

त्या दहा मिनिटांत मला चर्च पहिल्यांदा दिसलं. सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीजवळच्या तयारीच्या खोलीत, एक मुलगा मेणबत्त्या विझवून जागेवर ठेवत होता. दोघं जण समोरासमोर बसून दानपेटीतले पैसे मोजत होते, आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पिशवी हलत नव्हती. क्वायरमध्ये (गायकवृंदात) पुढच्या रविवारच्या प्रतिसाद स्तोत्राची पट्टी ठरत नव्हती. मागच्या खोलीत गरिबांना घरी जाऊन मदत करणाऱ्या व्हिन्सेंट डी पॉल संस्थेची मंडळी कुणाच्या घरी कोण जाणार ते ठरवत होती. पुस्तकं लावता लावता मी प्रत्येकाशी दोन शब्द बोलत गेले. कुठल्या गटात काय चालतं हे सांगणारं पत्रक मी दहा वेळा वाचलं असतं तरी मला एवढं कळलं नसतं.

मग मी क्वायरमध्ये गेले. ते जमलं नाही. सूर लागत नव्हता, त्यातून सरावाची वेळ नेमकी मुलाच्या अभ्यासाची. तीन महिने ओढत राहिले, कारण सोडलं तर देवाला नकार दिल्यासारखं होईल अशी भीती वाटायची. तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात, "प्रमुखांना जाऊन स्पष्ट सांग आणि मोकळी हो. संत पौल म्हणतो ना, सगळं शरीर डोळाच असतं तर ऐकलं कुणी असतं?" करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा बारावा अध्याय मी लहानपणापासून ऐकत आले होते. आपण डोळा नसून कान असू शकतो, हे मला त्या दिवशी उमगलं.

त्यानंतरच तुम्ही मला मिस्सेत बायबलचा उतारा मोठ्यानं वाचण्याच्या सेवेकडे वळवलंत. "गाता येत नाही, आवाज मात्र खणखणीत आहे."

तुम्ही वाचन कसं शिकवलंत ते इथं लिहून ठेवते, नव्यानं सुरू करणाऱ्यांच्या उपयोगी पडेल. रविवारचं वाचन सोमवारीच काढायचं. आधी संदर्भ पाहायचा: हे कोण बोलतंय, कुणाला, कुठल्या अडचणीत. रविवारच्या वाचनांचं चक्र तीन वर्षांचं असतं, म्हणून उतारा ओळखीचा वाटतो आणि आपण गाफील राहतो. रोज एकदा मोठ्यानं वाचायचं. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणाच्या, वाचनात पार्थी, मेदी, एलामी अशी नावांची रांग येते, ती तोंडात बसेपर्यंत म्हणायची. वेदीकडे जाताना घाई नको. वाचन संपल्यावर एक पूर्ण श्वास थांबायचं, लोकांच्या मनात शब्द उतरू द्यायचा, मग पुढची घोषणा. आणि दर सोमवारी रात्री तुम्ही फोनवर माझं वाचन ऐकायचात. सलग दोन वर्षं. "यशया संदेष्टा रडत नाहीये, दिलासा देतोय. पुन्हा वाच." असं किती वेळा म्हणालात!

एकदा मी म्हणाले, हे तर साधं वाचून दाखवणं. त्यावर तुम्ही मला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (जगभरच्या बिशपांच्या सभेचा) उपासनेवरचा दस्तऐवज आणून दिलात, ४ डिसेंबर १९६३ चा. वेदीसेवक, वाचक, निवेदक आणि क्वायरमधली माणसं खरीखुरी उपासनेची सेवा करतात, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. जानेवारी २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी चर्चच्या कायद्यात बदल केला आणि वाचक व अ‍ॅकोलाइट (वेदीवर साहाय्य करणारा) या सेवांची रीतसर नेमणूक स्त्रियांसाठीही खुली झाली. तुम्ही तर कितीतरी वर्षं वाचत आला होतात. त्या रविवारी तुम्ही काही बोलला नाहीत, पण वाचनाचं पुस्तक बंद करताना त्यावर जरा जास्त वेळ हात ठेवलात. मी पाहिलं होतं.

व्हिन्सेंट डी पॉलबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये ही संस्था सुरू झाली, तेव्हा फ्रेडरिक ओझानाम वीस वर्षांचा विद्यार्थी होता. वादविवादाच्या मंडळात कुणीतरी त्याला आणि त्याच्या मित्रांना टोचलं, तुमचा धर्म आज गरिबांसाठी काय करतो ते दाखवा. पोरं उठली खरी, पण जायचं कुणाच्या घरी? त्यांना सिस्टर रोझली रांदू भेटल्या. गरीब वस्तीत वर्षानुवर्षं काम करणाऱ्या त्या सिस्टरांनी या मुलांच्या हातात घरांचे पत्ते दिले आणि तिथं कसं वागायचं तेही शिकवलं. ओझानामचं नाव सगळे घेतात. मला ही गोष्ट वाचली की पत्ते देणाऱ्या सिस्टर आठवतात आणि मग तुम्ही. उत्साह माझ्याकडेही होता. पत्ता तुम्ही दिलात.

आजाऱ्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, नेण्याचा पत्ताही तुमचाच. सामान्य माणसांना ही सेवा करता यावी यासाठी पोप सहावे पॉल यांनी १९७३ मध्ये वाट मोकळी केली. फादरांनी नाव सुचवायचं, बिशपांच्या परवानगीनं प्रशिक्षण घ्यायचं, मग नेमणूक. पहिल्या दिवशी तुम्ही सोबत होतात. ख्रिस्तशरीराची छोटी गोल डबी गळ्यात, आणि तुमची ताकीद, "वाटेत कुणाशी गप्पा नाहीत, सरळ त्या घरी." ज्या आजोबांकडे गेलो ते वर्षभर अंथरुणावर होते. शुभवर्तमान वाचलं, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हटलं, त्यांनी प्रभूला स्वीकारलं. मला वाटलं, झालं. पण तुम्ही खुर्ची पुढे ओढलीत आणि मिस्सेच्या शेवटी झालेल्या घोषणा त्यांना एकेक करून सांगितल्यात. कुणाची लग्नाची पुकार झाली, छताच्या कामाचं काय झालं. आजोबा ते प्रवचनापेक्षा जास्त लक्ष देऊन ऐकत होते. चर्चमध्ये येता येत नसलं तरी ते चर्चमधलेच आहेत, हे त्यांना त्या घोषणांमधून जाणवत होतं. मी आता कागदावर टिपून नेते.

माझ्या भावालाही तुम्ही सोडलं नाहीत, त्याचे आभार वेगळे. त्याला गर्दी नको, गाणं नको, बोलणं नको. पेशानं हिशेबनीस. चर्चच्या कायद्याप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे, हे तुम्ही त्याला सांगितलंत आणि फादरांशी गाठ घालून दिलीत. आज तो पावत्या तपासतो आणि मिस्सेला पुढच्या बाकावर बसतो. शेजारच्या ताईंना धर्मशिक्षणाच्या वर्गावर घेताना आधी प्रशिक्षण पूर्ण करायला लावलंत, आणि मुलांसोबत कुणी मोठं माणूस एकटं राहणार नाही हा नियम त्यांच्यासाठीही सैल केला नाहीत. त्या तेव्हा रुसल्या होत्या. आता नव्या शिक्षकांना हाच नियम त्या समजावून सांगतात.

तुम्ही मुलीकडे राहायला गेलात तेव्हा तुमची वही माझ्याकडे आली. नाव, मोकळा वेळ, आवड, घरची अडचण, असे चार रकाने. माझ्या नावापुढे लिहिलंय: "शनिवार. घाबरते. थोडं थोडं द्यावं." ते वाचून मी सॅक्रिस्टीतल्या स्टुलावर बराच वेळ बसून राहिले. त्याखालची बरीच नावं अजून कुठल्याच गटात नाहीत. एकेकाला मी मिस्सेनंतर गाठतेय, तुमच्यासारखाच मोकळा तास विचारून.

टीचर, यंदा पेन्टेकॉस्टचं पहिलं वाचन माझ्याकडे आलंय. पार्थी आणि मेदी जमतात, पुढं जीभ अजून अडखळते. येत्या सोमवारी रात्री फोन करते. ऐकाल ना?

तुमची,
शनिवारची गीतपुस्तकवाली