पाणी कुठवर होतं, मनू?

कोथरूड, पुणे
3 फेब्रुवारी 2026

चि. मनवास,
अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो रविवारी संध्याकाळी आले. आईने पाहिले, मग शेजारच्या काकूंना दाखवले, मग फोन माझ्याकडे आला. आईचं म्हणणं, पोर वाळली. मी तुझ्याकडे बघतच नव्हतो. सलवार दुमडून तू पाण्यात उभी आहेस आणि पाणी कुठवर आहे ते नेमकं फोटोत आलेलं नाही. मी ते शोधत होतो.

तारीख तुझ्या लक्षात नसेल. 1 फेब्रुवारी. दहा वर्षांपूर्वी याच दिवशी पुण्याहून सहलीला गेलेले 14 विद्यार्थी मुरुडच्या समुद्रात बुडाले. तू तेव्हा एफ.वाय.ला. पुढच्याच महिन्यात तुम्हा मैत्रिणींचं दिवेआगरला जायचं ठरलं होतं आणि मी नाही म्हणालो. तू म्हणालीस, "बाबा, मी पाण्यात उतरणारच नाही." मी म्हणालो, "मग समुद्रावर जायचं कशाला?" झाला वाद बंद! पुढे आठवडाभर तू माझ्याशी आईमार्फत बोललीस. "बाबांना सांग, गॅसवाला आलाय."

त्यानंतर आपण कोकणात गेलोच नाही. ताम्हिणीपर्यंत जायचो, धबधबे बघायचो, कणीस खायचो आणि गाडी वळवायचो. घाटाखाली उतरायचं नाव नाही.

आणि आता तू शुक्रवारी नैरोबीहून रात्रीची गाडी पकडून मोंबासाला गेलीस, लिकोनीच्या फेरीबोटीतून पलीकडे उतरलीस, दिआनीच्या किनाऱ्यावर पोचलीस आणि मग कळवलंस. आधी विचारलं नाहीस ते बरं केलंस. मी नाहीच म्हणालो असतो. मुलींच्या गणिताच्या वह्या तपासायच्या राहिल्या म्हणून चुटपुट लागली असं लिहिलं आहेस. वह्या काय, सोमवारीही तिथेच होत्या.

तुला एक सांगायचं राहून गेलंय. समुद्र माहीत नाही म्हणून मी घाबरत होतो असं नाही. माझं आजोळ रेवदंड्याचं. मे महिना सगळा तिथे. सातवीत असताना मी खाडीत गळ्यापर्यंत पाण्यात जायचो आणि मामा माझ्या आईला पत्रात लिहायचा, 'पोरगं मजेत आहे, गुडघाभर पाण्यात खेळतं.' भरतीचं गणितही तिथलंच. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. रविवारी माघी पौर्णिमा होती, म्हणजे उधाण. मी रात्री कालनिर्णय काढून बसलो होतो. आई म्हणाली, "कसला मुहूर्त बघताय?" हे गणित आपल्या किनाऱ्याचं, तुझ्याकडे चालायचं नाही. तिथल्या कोळ्यांना विचारत जा.

ओहोटीला लोक प्रवाळाच्या रांगेपर्यंत चालत जातात, लाटा तिथेच फुटतात, अलीकडे पाणी संथ असतं, असं लिहिलंयस. जा. पण पाणी फिरायच्या आत परत ये. भरती समोरूनच येते असं नाही. खळग्यांतून वळसा घालून पाठीमागेही भरते. चप्पल घालून जा, प्रवाळ पाय कापतो.

तुझा मोंबासाच्या फोर्ट जीझस किल्ल्याचा फोटो मात्र मी मोठा करून तीनदा पाहिला. पोर्तुगीजांनी तो 1593 ते 1596 मध्ये बांधला. रेवदंड्याच्या खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगर त्यांनी घेतला तो 1594 मध्ये. म्हणजे मी लहानपणी ज्या तटाकडे बघत बसायचो, त्याच्या धन्यांचं तुझ्याकडेही तेव्हाच बांधकाम चालू होतं. पुढे ओमानच्या अरबांनी तुझ्या किल्ल्याला वेढा घातला, तो 1696 पासून 1698 पर्यंत चालला. गोव्याहून मदत निघाली, पण ती पोचली तेव्हा किल्ला पडलेला होता. चिमाजीअप्पांनी वसई घेतली ती त्यानंतर 41 वर्षांनी. आणि जंजिऱ्याचे सिद्दी मूळचे आफ्रिकेतलेच. मुरुड म्हटलं की मला दहा वर्षं एकच गोष्ट आठवत होती. जंजिरा परवा आठवला, तुझ्यामुळे.

तिकडे गाडीला 'गारी', लाखाला 'लाकी' आणि चपातीला चपातीच म्हणतात हे वाचून आई खूश आहे. तुमच्या 'कचुंबारी'त दाण्याचं कूट घालतात का, असं तिने विचारायला सांगितलंय. घालत नसतील तर तू घालून बघ, म्हणाली.

सध्या वारा ईशान्येचा. शिडाची गलबतं याच वाऱ्यावर इकडून तिकडे जायची, आणि एप्रिलनंतर नैऋत्येचा सुटला की परतायची. तुझंही तिकीट मे महिन्याचंच आहे. आलीस की रेवदंड्याला जाऊ. मामाचं घर आता नाही, पण खाडी आहे. गाडी तू चालव, माझे गुडघे घाटात कुरकुरतात.

पत्र आई वाचणारच, म्हणून शेवटचं वेगळ्या कागदावर लिहितोय. पाणी कुठवर होतं, हे तिला कळवताना गुडघाभर लिही. मला खरं लिही.

बाबा