खराटा घेऊन येतो

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जानेवारी आला की आपल्या सोलापुरात एकोप्याचे कार्यक्रम सुरू होतात. व्यासपीठावर चार समाजांचे चौघे, शाल, श्रीफळ, फोटो. जेवायला मात्र ज्याची त्याची पंगत.

१२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन फासावर गेले. ही चार नावं आपण एकोप्याचा दाखला म्हणून वाचतो. पण ते काही एकोपा साधायला जमले नव्हते. समोर इंग्रज होता.

अमेरिकेत १९५४ साली मुझफर शेरीफ या मानसशास्त्रज्ञानं २२ शाळकरी मुलांचे दोन गट करून त्यांना शिबिरात ठेवलं. स्पर्धा लावल्या, वैर पेटलं. मग दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवलं, तर पोरांनी एकमेकांवर अन्नच फेकलं! पुढे शिबिराचं पाणी मुद्दाम बंद पाडलं. बिघाड सगळ्यांना मिळून शोधावा लागला आणि अशा दोन-चार कामांनंतर वैर उतरत गेलं.

सोलापुरात पाणी मुद्दाम बंद पाडायची गरज नाही. आमच्या बोळात तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी अशी सगळी घरं आहेत. पूर्वी नळावरची भांडणं ‘तुमची माणसं अशीच’ इथवर जायची. एका उन्हाळ्यात टँकरसाठी सगळ्यांनी मिळून खेटे घातले. तेव्हापासून रात्री तीनला पाणी आलं की ज्याला आधी कळेल तो सगळ्यांची दारं वाजवतो. भांडणं होतात अजून, पण ती बादलीवरूनच.

यासाठी कुणाला घरची भाषा सोडावी लागली नाही. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमध्ये आहेत, म्हणून यात्रेत नंदीध्वजांसमोर ‘हर्र’ म्हणताना मराठी माणूस अडखळतो का? आणि पुण्याच्या स्टँडवर आपलं सोलापुरी ‘काय करलालास बे’ कानावर पडलं, की बोलणारा घरात कुठली भाषा बोलतो हे न विचारता आपण वळून बघतोच.

तेव्हा आयोजकांना एक विनंती. पुढच्या वर्षी शालींचा खर्च वाचवा आणि यात्रा संपल्यावर होम मैदान झाडायला सगळ्यांना बोलवा. मी खराटा घेऊन येतो.

— एक वाचक, पूर्व भाग, सोलापूर