पत्रकार म्हणजे ‘न्यूजमेकर’ नव्हे

संपादक महोदय,
स. न.

६ जानेवारीचा पत्रकार दिन जवळ आला की निमंत्रणपत्रिकांवर आणि सत्काराच्या फलकांवर पत्रकारांना सर्रास ‘न्यूजमेकर’ म्हटलेले दिसते. हेतू गौरवाचा असतो, पण अर्थ उलटा होतो. इंग्रजीत न्यूजमेकर म्हणजे बातमी देणारा नव्हे, तर ज्याच्याबद्दल बातमी छापून येते तो. एखादा बातमीदार न्यूजमेकर ठरला असे लिहिले, तर वाचणारा विचारील, त्याला पुरस्कार मिळाला की अटक झाली? (बातम्या ‘बनवणारा’ म्हटले तर मराठीतही पत्रकार रागावेलच!) बातमी आणणाऱ्यासाठी रिपोर्टर किंवा कॉरस्पाँडंट, ती वाचून दाखवणाऱ्यासाठी न्यूजरीडर हे शब्द आहेत. मथळे देण्याचे काम बहुधा उपसंपादकाचे, आणि त्याच्यासाठी सब-एडिटर आहे. अमेरिकेत त्यालाच कॉपी एडिटर म्हणतात.

दुसरी गफलत अधिक खोल आहे. न्यूजमेकर ही पदवी नाही, त्यात स्तुती नाही. कॅनडात ‘कॅनेडियन प्रेस’ ही वृत्तसंस्था देशभरातील संपादकांचा कौल घेऊन वर्षाचा न्यूजमेकर निवडते. कर्करोगाने पाय गमावूनही देश धावत ओलांडायला निघालेला टेरी फॉक्स १९८० आणि १९८१ साली निवडला गेला. २०१२ साली त्याच मालिकेत नाव आले ते लुका मॅग्नोटाचे. तेव्हा त्याच्यावर खुनाचा आरोप होता. ‘असल्या माणसाचा सन्मान कशाला?’ म्हणून तिथेही ओरड झालीच. पण तो सन्मान नव्हताच. ‘टाइम’ नियतकालिकाच्या वर्षाच्या व्यक्तीचेही तेच: १९३०चे गांधीजी आणि १९३८चा हिटलर एकाच निकषावर निवडले गेले, बातम्यांवर सर्वाधिक प्रभाव कोणाचा. म्हणून समाजसेवेच्या पुरस्काराला ‘न्यूजमेकर अवॉर्ड’ म्हणणेही चुकीचेच.

‘हेडलायनर’ हा शब्दही जपून वापरावा. त्याचा रूढ अर्थ कार्यक्रमाचा मुख्य कलाकार, ज्याचे नाव जाहिरातीत सर्वांत वर असते तो. बातमीतल्या माणसाला तो लावला तर तो गायक की नट, असा घोळ होतो.

शेवटी ‘द’चा प्रश्न. स्पर्धा परीक्षांच्या टिपणांत ‘व्हाय इन न्यूज?’ हे शीर्षक असते. शीर्षकात ‘द’ गाळलेला चालतो, पण तीच सवय उत्तरपत्रिकेत उतरते आणि ‘ही इज इन न्यूज’ असे लिहिले जाते. पूर्ण वाक्यात ‘इन द न्यूज’ हवे. ‘मेक न्यूज’मध्ये मात्र ‘द’ नको. ‘हिट द हेडलाइन्स’मध्ये हवाच, आणि हेडलाइन्स अनेकवचनी.

पत्रकारांच्या सन्मानचिन्हावर ‘उत्कृष्ट वार्तांकन’ एवढे कोरले तरी पुरे; तिथे इंग्रजी शब्दाची गरजच नाही.

— एक वाचक, पुणे