तिसऱ्या पोर्टवरची डिस्क: एक आभारपत्र

आदरणीय सर,
सादर नमस्कार.

आमच्या वाचनालयाच्या लिनक्स संगणकातली ४ टेराबाइटची डिस्क एका सकाळी दिसेनाशी झाली. तिच्यात जुन्या दिवाळी अंकांची स्कॅन केलेली पाने होती आणि त्यांची दुसरी प्रत आम्ही काढलेली नव्हती, ही चूक आमचीच. डिस्क गेली असेच आम्ही धरून चाललो होतो. आपण मात्र फोनवर पहिल्यांदा एवढेच सांगितलेत, की फॉरमॅट करू नका, दुरुस्तीचा कोणताही प्रोग्राम चालवू नका, कर्नलचा लॉग, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने संगणक सुरू होताना केलेल्या नोंदी, सुरुवातीपासून वाचून दाखवा.

मी ‘रिसेट फेल्ड, गिव्हिंग अप’ या शेवटच्या ओळीपाशीच अडकलो होतो. आपण मला तिच्या वरच्या ओळींकडे नेलेत: ‘एटीए३: कॉमरिसेट फेल्ड’, म्हणजे तिसऱ्या पोर्टवरची जोडणी नव्याने सुरू करण्याचा प्रयत्न फसला, पुढे कंसात उणे १६. हा आकडा ‘उपकरण व्यस्त आहे’ असे सांगतो, आणि बायोसमध्ये, म्हणजे लिनक्सच्याही आधी चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, डिस्कचे नाव दिसते आहे त्या अर्थी ती जिवंत आहे, फक्त डिस्क सांभाळणाऱ्या कंट्रोलरशी तिची बोलणी पुरी होत नाहीत, हे आपण समजावलेत तेव्हा मला पहिल्यांदा धीर आला.

केबल बदलून, वीजपुरवठ्याचा कनेक्टर बदलूनही फरक पडला नाही. मग आपल्या सांगण्यावरून ग्रबच्या, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, मेनूत ‘ई’ दाबून कर्नलच्या ओळीच्या शेवटी मी ‘लिबएटीए.फोर्स=३:३.०जीबीपीएस’ (तिसऱ्या पोर्टचा वेग सेकंदाला ३ गिगाबिटच ठेव) असे लिहिले, आणि पुढच्या बूटला ‘सॅटा लिंक अप ३.० जीबीपीएस’ ही ओळ उमटली. कर्नल स्वतःहून वेग उतरवत नाही का, या माझ्या प्रश्नाला आपण शांतपणे उत्तर दिलेत: उतरवतो, पण काही प्रयत्न फसल्यावर, आणि तोवर ही डिस्क उत्तर देणेच थांबवते, म्हणून पहिल्याच प्रयत्नाला कमी वेग मागायचा. ३ गिगाबिटमध्येही सेकंदाला ३०० मेगाबाइट जातात, फिरत्या तबकडीची डिस्क तेवढीही धावत नाही, त्यामुळे आमचे नुकसान काहीच नव्हते.

त्यानंतरही आपण फोन ठेवला नाहीत. स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते त्या, तक्त्यात ५ आणि १९७ या खराब सेक्टरांच्या ओळींत शून्य आणि १९९ या डेटा वाहून नेतानाच्या चुकांच्या ओळीत मोठा आकडा पाहून दोष तबकडीत नसून जोडणीच्या वाटेवर आहे असा निष्कर्ष आपण काढलात, तरीही ‘डीडीरेस्क्यू’ या डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण प्रत होईपर्यंत दुसरे काहीही करू दिले नाहीत. रात्रभर चाललेली ती प्रत एकही सेक्टर न गमावता पूर्ण झाली.

आता दोन प्रती दोन वेगळ्या कपाटांत आहेत. ग्रबमधली ती ओळ कागदावर लिहून कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवली आहे, खाली आपण सांगितलेले कारणही लिहिले आहे. आमच्या सर्व वाचकांच्या वतीने आपले मनःपूर्वक आभार.

आपला कृतज्ञ,
वाचनालयाचा एक कार्यकर्ता