कळ कोणी दाबली, याची नोंद हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

बेळगावच्या उद्यमबागेतील एका फौंड्रीत मी गेली २१ वर्षे हिशेबाचे काम पाहतो. माणसाप्रमाणे संगणकाच्या कळा दाबणारे आणि माऊस फिरवणारे एआय एजंट आता आपल्या भागातही वापरले जाऊ लागले आहेत. त्यांना हिशेबाच्या संगणकावर कोणत्या अटीवर बसू द्यावे, याविषयी अनुभवाने झालेले मत मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

अँथ्रॉपिक या एआय कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये आणि ओपनएआय या दुसऱ्या कंपनीने जानेवारी २०२५ मध्ये असे एजंट लोकांसमोर आणले. असा एजंट पडद्याचे चित्र पाहतो, त्यावरून पुढची कळ ठरवतो, ती दाबतो आणि पुन्हा पडदा पाहतो. जुन्या सॉफ्टवेअरला दुसऱ्या प्रणालीशी थेट जोडण्याची सोय पुष्कळदा नसते, आणि असली तरी ती जोडणी करून घेण्याचा खर्च लहान कारखान्याला झेपत नाही. कीबोर्ड मात्र सगळीकडे चालतो, म्हणून मालकांना हा मार्ग जवळचा वाटतो आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. महिनाअखेरीला खरेदीच्या बिलांचा गठ्ठा भरताना मान आणि डोळे कसे भरून येतात, हे मला चांगले ठाऊक आहे.

अडचण आहे ती कळा दाबून काम करण्याच्या पद्धतीत. थेट जोडणीतून माहिती पाठवली, तर कोणत्या रकान्यात काय जायचे हे ठरलेले असते आणि न जुळणारी नोंद सॉफ्टवेअर परत पाठवू शकते. कळ मात्र त्या क्षणी कर्सर जिथे असेल तिथे पडते. मध्येच एखादी सूचनेची चौकट उघडली, तर रकमेसाठी दाबलेला एंटर त्या चौकटीतल्या ‘होय’वर जाऊन बसतो. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये एफ-९ ने खरेदीचे व्हाउचर, म्हणजे नोंदीचे पान, उघडते, कंट्रोल-ए ने ते जतन होते आणि ऑल्ट-डी ने ते पुसायला निघते. वर्षानुवर्षे हात बसलेल्या माणसाचीही इथे कधीतरी गफलत होते, पण चूक झाल्याचे त्याला बहुधा लगेच जाणवते.

आमच्याकडे महिनाभर एक एजंट खरेदीच्या नोंदींसाठी लावून पाहिला. आमच्या एका पुरवठादाराचे एक दुकान कागलला आणि एक निपाणीला, म्हणजे महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीच्या दोन बाजूंना आहे. कागलचा जीएसटी क्रमांक महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होतो आणि निपाणीचा कर्नाटकाच्या २९ ने. त्यामुळे कर्नाटकातल्या आमच्या कारखान्याला परराज्यातील कागलच्या मालावर आयजीएसटी लागतो, तर राज्यातल्याच निपाणीच्या मालावर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी. सीमाभागात वह्या लिहिणाऱ्याला हे तोंडपाठ असते. नावाची पहिली अक्षरे टाइप केली की खात्यांची यादी दिसते, आणि इंग्रजी वर्णक्रमाने कागलचे खाते निपाणीच्या वर येते. एजंटने वरचे नाव धरून एंटर दाबला आणि निपाणीची ११ बिले कागलच्या खात्यावर गेली. १८ टक्के आयजीएसटी काय किंवा ९ आणि ९ काय, बिलाची एकूण रक्कम पैशापैशाने जुळत होती, त्यामुळे कोणालाही शंका आली नाही. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर तयार होणारे पत्रक, आल्यावर ताळा करताना मला ते दिसले.

चूक दुरुस्त झाली. मनाला लागली ती दुसरीच गोष्ट. बदलांची नोंद उघडून पाहिली, तर ११ ही व्हाउचरांपुढे माझे नाव होते, आणि वेळ रात्री पावणेदहाची. त्या वेळी मी शहापूरला घरी जेवत होतो. एजंट माझ्या लॉगिनमध्ये चालत होता, म्हणून सॉफ्टवेअरच्या दृष्टीने त्या कळा मीच दाबल्या होत्या.

कंपनी कायद्याखालील नियमाप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी आणि बंद करता न येणारी सोय सक्तीची आहे. ती नोंद जर भलत्याच माणसाचे नाव सांगणार असेल, तर तिचा लेखापरीक्षकाला काय उपयोग? शिवाय भागीदारी पेढ्या आणि सहकारी पतसंस्था या नियमात येत नाहीत, आणि आपल्याकडच्या कष्टकऱ्यांच्या ठेवी तर अशा पतसंस्थांमध्येच आहेत.

म्हणून माझी मागणी साधी आहे. एजंटला त्याच्या स्वतःच्या नावाचे वेगळे लॉगिन द्यावे, त्याला फक्त नवीन नोंद करण्याचा अधिकार असावा, बदलण्याचा आणि पुसण्याचा नसावा, आणि त्याची प्रत्येक नोंद माणसाने बिलाशी ताडून मंजूर केल्याशिवाय पक्की होऊ नये. बँकेत एकाने केलेली नोंद दुसरा अधिकारी तपासतो, तीच ही रीत आहे. बाहेरून आलेल्या बिलात किंवा ईमेलमध्ये लपवलेला मजकूर एजंट हुकूम समजून पाळू शकतो, असा इशारा हे एजंट बनवणाऱ्या कंपन्यांनीच दिलेला आहे. त्यामुळे पैसे पाठवण्याच्या पडद्यापर्यंत त्याला पोहोचूच देऊ नये.

आमच्या मालकांनी वेगळ्या लॉगिनची मागणी मान्य केली आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील उद्योजक संघटनांनी आणि पतसंस्थांच्या संचालक मंडळांनी मार्चअखेरची घाई सुरू होण्याआधी आपापल्या कार्यालयांत एवढे करून घ्यावे आणि तोवर कोणत्याही कारकुनाचा पासवर्ड एजंटला देऊ नये, ही कळकळीची विनंती.

आपला विश्वासू,
एक लेखापाल, उद्यमबाग, बेळगाव