खुनाच्या युक्त्या पुरवणाऱ्या आजी

महोदय,
रहस्यकथांवरच्या रविवारच्या लेखात एली ग्रिफिथ्स यांच्या ‘द पोस्टस्क्रिप्ट मर्डर्स’ या कादंबरीचा (२०२०) उल्लेख हवा होता. इंग्लंडमधल्या शोरहॅमला ९० वर्षांच्या पेगी स्मिथ खिडकीजवळच्या खुर्चीत मृतावस्थेत सापडतात. या वयात संशय कोण घेणार? पण त्यांना सांभाळणारी युक्रेनची नताल्का पुस्तकं आवरायला घेते, तर रहस्यकथांमधून पेगीबाईंचेच आभार! लेखकांना खुनाच्या युक्त्या पुरवणं हा बाईंचा उद्योग. पुढे लेखकच मरू लागतात. नताल्का, कॉफीची टपरी चालवणारा माजी मठवासी बेनेडिक्ट आणि ऐंशीचे एडविन तपासाला थेट स्कॉटलंडमधलं ॲबरडीन गाठतात. पोलीस अधिकारी हरबिंदर कौर वैतागते. मध्ये कथा जरा रेंगाळते, पण लेखकमंडळींची उडवलेली टोपी झकास.
– एक वाचक, ठाणे