ऑइल पॅटर्न आधी सांगा, बॉल मग निवडू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पुरवणीत टेनपिन बोलिंगला अख्खे पान मिळाले याचा मला मनापासून आनंद झाला. मात्र बॉल-निवडीच्या चौकटीत, जो बॉल सर्वांत जास्त वळतो तोच घ्यावा म्हणजे स्ट्राइक (पहिल्याच बॉलमध्ये दहाही पिना पडणे) वाढतात, असा सल्ला दिला आहे. त्याच्या भरवशावर नवे खेळाडू आपल्या खेळाशी न जुळणारा बॉल घेऊन बसतील, म्हणून हे पत्र. मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते, लीगमध्ये खेळते आणि नवशिक्यांना हा खेळ शिकवते. मी डावखुरी आहे. त्याचा संबंध पुढे येईलच.

त्या संपूर्ण चौकटीत तेलाचा उल्लेख एकदाही नाही. बॉल किती वळणार हे बॉल एकटा ठरवत नसतो. लेनवर, म्हणजे बॉल ज्या पट्टीवरून जातो तिच्यावर, तेल किती आहे, किती फुटांपर्यंत आहे, मध्ये किती आणि कडेला किती, यावर ते ठरते. तेलाच्या या मांडणीलाच ऑइल पॅटर्न म्हणतात. आणि हे तेल सहसा डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळेच त्याबद्दल कोणी बोलत नाही.

फाउल लाइनपासून, म्हणजे बॉल सोडताना जी ओलांडायची नसते त्या रेषेपासून, पहिल्या पिनपर्यंत ६० फूट अंतर असते. रुंदी साधारण साडेएक्केचाळीस इंच, आणि ती ३९ उभ्या बोर्डांत विभागलेली. तेल लावणारे मशीन आधीचे तेल काढून लेन स्वच्छ करते आणि मग फाउल लाइनच्या बाजूने नवे तेल पसरत जाते. रोजच्या खेळासाठीचे तेल बहुधा ४० फुटांच्या आसपास संपते आणि पुढचा भाग कोरडा राहतो. एका लेनला लागते २० ते ३० मिलिलीटर. मी वर्गात हे उदाहरण सोडवायला देते: २५ मिलिलीटर तेल ४० फूट लांब आणि साडेएक्केचाळीस इंच रुंद जागेवर पसरले तर थराची सरासरी जाडी किती? उत्तर येते सुमारे दोन मायक्रॉन. एवढ्याशा थरामुळे घर्षणांक तेलावर सुमारे ०.०४ आणि कोरड्या भागात सुमारे ०.२० असतो, म्हणजे जवळपास पाचपट फरक. बॉल तेलावरून घसरत जातो, कोरडी जागा लागली की पकड घेतो आणि वळतो. ताशी २७ किलोमीटरच्या वेगाने टाकलेला बॉल सुमारे अडीच सेकंदांत पिनांपर्यंत पोहोचतो. निवडीचा प्रश्न एवढाच असतो की त्या अडीच सेकंदांत पकड नेमकी कधी घेतली जावी.

वळण हवे कशासाठी, हेही सांगते. लेनच्या अगदी कडेवरून सरळ टाकलेला बॉल पॉकेटमध्ये, म्हणजे पहिली पिन आणि तिच्या बाजूची पिन यांच्या मधल्या फटीत, शिरतो तेव्हा त्याचा कोन दीड अंशही भरत नाही. अंतर आणि रुंदी घेऊन कोणीही हा हिशेब करून पाहावा. स्ट्राइकसाठी सर्वांत अनुकूल कोन सहा अंशांच्या आसपास मानला जातो. तो वळणातूनच मिळतो. पण बॉल फार लवकर वळला तर पिनांपर्यंत जाईतो त्याचे वळण संपून गेलेले असते, तो नुसता पुढे लोळत असतो आणि पिनांना धडकल्यावर बाजूला ढकलला जातो. सर्वांत जास्त वळणारा बॉल कमी तेलावर असाच वागतो. मंद वेगाने टाकणाऱ्यांचा तर नक्कीच. माझ्याकडे येणारी मुले आणि वयस्कर मंडळी बहुतेक मंद वेगाने टाकतात, आणि नेमका त्यांनाच दुकानात सर्वांत आक्रमक बॉल दाखवला जातो. याचा मला खरोखर राग येतो.

बॉलच्या बाहेरच्या आवरणाने निवडीची सुरुवात करावी. पॉलिएस्टर, म्हणजे ज्याला आपण प्लॅस्टिकचा बॉल म्हणतो, तो तेलाकडे जवळजवळ दुर्लक्ष करून सरळ जातो. कोपऱ्यातली एकटी पिन काढायला त्याच्यासारखा दुसरा बॉल नाही. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला युरेथेन आले. ते लवकर आणि एकसारखे वळते, शेवटी झटका देत नाही, त्यामुळे आखूड पॅटर्नवर खेळाडूच्या ताब्यात राहते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला रिॲक्टिव्ह रेझिन आले आणि खेळ बदलला: हे आवरण तेल शोषते, तेलावर घसरते आणि कोरड्यावर जोरात वळते. बॉलची पकड वाढत गेली तसे लेनवर घालायचे तेलही वाढत गेले. रेझिनमध्ये सॉलिड आवरण लवकर पकड घेते म्हणून जास्त तेलावर उपयोगी. पर्ल आवरण पुढपर्यंत घसरते आणि उशिरा वळते म्हणून तेल कमी असताना कामी येते. हायब्रिड दोन्हींच्या मध्ये.

आता पृष्ठभाग, ज्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचे आहे. एकच बॉल ५०० ग्रिटच्या पॅडने (ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका पॅड बारीक) घासला तर तो खडबडीत होतो, तेल कापून जातो आणि लवकर वळतो. तोच बॉल ४००० ग्रिटपर्यंत नेऊन पॉलिश केला तर तो लांबवर घसरतो. बॉल तोच, आतला गाभा तोच, छिद्रे तीच, आणि वागणूक दुसऱ्या बॉलसारखी. युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस या अमेरिकेतल्या नियामक संस्थेने बॉलच्या हालचालीचा जो अभ्यास केला, त्यातही पृष्ठभागाचा सूक्ष्म खडबडीतपणा हाच सर्वांत प्रभावी घटक ठरला होता. असे असताना विक्रीच्या माहितीत आतल्या गाभ्याची, म्हणजे कोअरचीच चित्रे मोठी छापतात. कोअरला महत्त्व नाही असे मी म्हणत नाही. त्याचे आरजी, म्हणजे वजन केंद्रापासून किती दूर पसरले आहे त्याचा आकडा, २.४६ ते २.८० इंच या मर्यादेत असते, आकडा लहान तर बॉल लवकर फिरू लागतो; डिफरन्शिअल, म्हणजे वेगवेगळ्या अक्षांवरच्या आरजीमधला फरक, ०.०६०पेक्षा जास्त चालत नाही. पण नवशिक्याने या आकड्यांत अडकण्याआधी आपल्या बॉलवर सध्या कोणता ग्रिट आहे हे जाणून घ्यावे. कारखान्यातून आलेला पृष्ठभाग तसाच राहत नाही, खेळून खेळून तो गुळगुळीत होत जातो. आपला बॉल आता वळेनासा झाला म्हणून नवा घ्यायला निघालेल्या कितीतरी जणांना मी थांबवले आहे. पॅडने पृष्ठभाग पुन्हा घासला आणि मुरलेले तेल काढले की बहुतेक वेळा बॉल परत वळायला लागतो. फक्त लक्षात ठेवावे, स्पर्धेत खेळ सुरू झाल्यावर पृष्ठभाग घासायला परवानगी नसते. ते काम आधी उरकायचे. आणि प्रत्येक टाकणीआधी बॉल कोरड्या टॉवेलने पुसायचा, खेळ संपल्या संपल्या क्लीनरने साफ करायचा. तेल आत मुरल्यावर ते काढणे फार जिकिरीचे होते.

टॉवेल फिरवण्याआधी बॉलकडे नीट पाहावे, हीसुद्धा माझ्या विद्यार्थ्यांना लावलेली सवय. रिॲक्टिव्ह बॉल परत आला की त्यावर तेलाच्या अनेक रेघा दिसतात, कारण फिरताना त्याचा अक्ष सरकत जातो आणि प्रत्येक फेरीला नवा, कोरडा भाग लेनला टेकतो. रेघा जाड आणि ओल्या असतील तर तेल भरपूर आहे. पुसट असतील तर तेल आटले आहे, किंवा आपण कोरड्या भागातून खेळतो आहोत.

पॅटर्नचे दोन गुण समजले की निम्मे काम होते. पहिला म्हणजे लांबी. पॅटर्नच्या फुटांमधून ३१ वजा करावेत; जो आकडा येतो, आपल्या हाताच्या बाजूच्या कडेपासून मोजून साधारण त्या क्रमांकाच्या बोर्डाजवळ बॉल सर्वांत बाहेर जाऊन वळायला हवा. पॅटर्न ४० फुटांचा असेल तर नववा बोर्ड, ४७ फुटांचा असेल तर सोळावा, आणि ३३ फुटांचा असेल तर दुसरा, म्हणजे जवळजवळ गटरच्या, लेनच्या कडेच्या खाचेच्या, काठावर. हा अंदाज आहे, पण सरावाच्या पहिल्या चेंडूंसाठी याहून चांगला आधार मला माहीत नाही. आखूड पॅटर्नवर जोरात वळणारा रेझिन बॉल आवरता येत नाही, तिथे युरेथेन किंवा पॉलिश केलेला बॉल बरा. लांब पॅटर्नवर वळायला जागाच कमी उरते, तिथे खडबडीत सॉलिड हवा.

दुसरा गुण म्हणजे मधले आणि कडेचे तेल यांचे प्रमाण. रोजच्या खेळासाठी मध्ये कडेपेक्षा दहापट तेलही घातलेले असू शकते. अशा लेनवर बाहेर गेलेला बॉल कोरड्याला लागून परत येतो आणि आत राहिलेला बॉल तेलावर घसरून पॉकेटपाशीच टिकतो, म्हणजे लेनच खेळाडूची चूक सावरते. स्पर्धांतल्या ‘स्पोर्ट’ प्रकारच्या पॅटर्नमध्ये हे प्रमाण ३:१ किंवा त्याहूनही कमी असते. कडेलाही तेल असल्याने बाहेर सुटलेला बॉल परत येत नाही. रोजच्या लेनवर दोनशे गुणांच्या घरात खेळणारी मुले स्पर्धेत दीडशेला अडकतात आणि घरचे म्हणतात, दडपण आले. दडपण नसते हो, लेन वेगळी असते. हे कोणी त्यांना आधी सांगितलेले नसते, म्हणून ती मुले स्वतःलाच दोष देत घरी जातात.

शिवाय पॅटर्न स्थिर राहत नाही. उजव्या हाताचे बहुसंख्य खेळाडू लेनवर नेमासाठी काढलेल्या बाणांपैकी दुसऱ्या बाणाच्या (ॲरोच्या) आसपास, म्हणजे दहाव्या बोर्डाजवळून बॉल टाकतात. प्रत्येक रेझिन बॉल तिथले थोडे तेल उचलून नेतो, आणि दोन-तीन गेममध्ये त्या वाटेवर कोरडा पट्टा तयार होतो. मग पहिल्या गेममध्ये पॉकेटमध्ये जाणारा बॉल पहिल्या पिनवर आदळायला लागतो. अशा वेळी बॉल ज्या बाजूला चुकला त्याच बाजूला पाय सरकवायचे. सरकूनही जमेनासे झाले, कोपऱ्यातली पिन सारखी उभी राहू लागली, की पर्ल बॉल बाहेर काढायचा. पॉलिएस्टर आणि युरेथेन उलटे वागतात: ते तेल शोषत नाहीत, पुढे ढकलत नेतात, त्यामुळे जिथे कोरडे असायला हवे तिथे तेलाचा पुसट माग पोहोचतो.

आणि आता माझा डावा हात. लेनच्या डाव्या बाजूने खेळणारे मोजकेच असतात, त्यामुळे तिथले तेल टिकून राहते. शेजारी उजवे खेळाडू तिसऱ्या गेमला पर्ल काढत असतात, तेव्हा माझ्या बाजूला अजून पहिल्या गेमसारखीच स्थिती असते आणि मी सॉलिडवरच खेळत राहते. माझ्या बाजूला सात क्रमांकाची, म्हणजे डाव्या कोपऱ्यातली, पिन उभी आणि तिच्यापुढची चार क्रमांकाची गटरमध्ये आडवी दिसली, तरच मला कळते की बॉल दमून पोहोचतो आहे. त्याच लेनवर, त्याच संध्याकाळी, दोन खेळाडूंना दोन वेगळे बॉल लागतात. अशा खेळात सर्वांसाठी एकच उत्तम बॉल कसा सांगता येईल?

पहिला बॉल घेणाऱ्याने, माझे ऐकायचे तर, साध्या सममित कोअरचा, २००० ते ३००० ग्रिटचा सॉलिड किंवा हायब्रिड रेझिन घ्यावा आणि स्पेअरसाठी, म्हणजे उरलेल्या पिना दुसऱ्या बॉलमध्ये पाडण्यासाठी, प्लॅस्टिकचा. या दोघांवर पुष्कळ दिवस निघतात. रेझिन बॉल प्रत्येक लेनवर पहिल्यांदा टाकून पाहावा, तो कुठे पकड घेतो ते बघावे आणि मगच आपल्याला काय कमी पडते हे ठरवावे. जुना बॉल घेत असाल तर छिद्रे मोजा. १ ऑगस्ट २०२० पासून बोटे न घालता वजन साधण्यासाठी पाडलेले जादा छिद्र युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेसच्या स्पर्धांत चालत नाही. आणि विक्रेत्याने तुमचा वेग आणि हाताची फिरकी पाहिल्याशिवाय बॉल सुचवला, तर आधी माझे चार चेंडू पाहा, असे तुम्हीच त्याला सांगा.

पण हे सगळे तेव्हाच उपयोगी, जेव्हा खेळाडूला लेनवर काय घातले आहे ते कळेल. मोठ्या स्पर्धांत पॅटर्नचा तक्ता आधी जाहीर करतात. त्यात लांबी, मिलिलीटर आणि बोर्डांनुसार तेल दिलेले असते. रोजच्या खेळाच्या ठिकाणी मात्र विचारल्यावर अनेकदा नुसते ‘आज तेल घातलंय’ एवढेच उत्तर येते. हा तक्ता मशीन चालवणाऱ्याकडे असतोच. तो काउंटरजवळ लावायला आणि त्याखाली शेवटचे तेल कधी घातले ती वेळ लिहायला काहीच अडचण नसावी.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक मागणे आहे. क्रिकेटच्या सामन्याची बातमी देताना आपण खेळपट्टी कशी होती हे लिहितो. ती फिरकीला साथ देणारी असेल तर तिथल्या पन्नास धावांची किंमत वाचकाला कळते. बोलिंगचे निकाल छापताना मात्र फक्त आकडे येतात. ३३ फुटांच्या सपाट, म्हणजे मध्ये आणि कडेला जवळजवळ सारखे तेल असलेल्या, पॅटर्नवरचे १९० आणि रोजच्या लेनवरचे १९० शेजारी-शेजारी एकसारखे दिसतात, आणि ज्या मुलीने ते पहिले १९० काढले तिच्या वाट्याला कौतुक येत नाही. यापुढे निकालाखाली पॅटर्नची लांबी, तेलाचे प्रमाण आणि गेम ताज्या तेलावर झाले की वापरलेल्या, एवढी एक ओळ द्यावी. आयोजकांना विचारले तर ते सांगतील.

आपली विश्वासू,
एक डावखुरी खेळाडू आणि प्रशिक्षक